बुडाचा ठप्पा

गेल्या शनिवारी पहाटे सहाला उठून (होय, सहाला. तोच मी, जो सोमवार ते शुक्रवार नवाच्या मीटिंगला डोळे चोळत येतो) पन्नास मैल गाडी हाकत स्टॅफर्डशायरमधल्या एका जुन्या वस्तूंच्या बाजाराला गेलो. सोबत ऑफिसातला एक मित्र होता. गडी हुशार आहे, डेटाबेसमधला किडा आहे. पण त्या दिवशी त्याने जे केलं ते बघून माझं डोकं फिरलं आणि ते अजून जागेवर आलेलं नाही. म्हणून हा विकांताचा लेख.

केलं काय त्याने? एका टेबलावर चाळीसेक बश्या, वाडगे, किटल्या मांडल्या होत्या. हा पठ्ठ्या एकेक उचलायचा, सरळ पालथी करायचा, बुडाचा ठप्पा वाचायचा, मोबाईलवर शोधायचा आणि खाली ठेवायचा. चला, पुढची. ठप्पा नसेल तर शोधायचे कष्टही नाहीत, थेट खाली. चाळीस भांड्यांपैकी एकाचंही तोंड त्याने बघितलं नाही. शेवटी एक बशी निवडली, साठ पौंड मोजले आणि विजयी मुद्रेने मला दाखवली. बुडाला छापलेलं, 'वेजवूड अँड कंपनी'.

आता गंमत अशी की जोसाया वेजवूडच्या कारखान्याने आपल्या मालावर 'अँड कंपनी' असा ठप्पा मारल्याचं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. हा ठप्पा टनस्टॉलच्या इनॉक वेजवूडचा. लांबच्या नात्यातला माणूस, पण कारखाना वेगळा, माल वेगळा, दर वेगळा. १८६०च्या सुमारापासून १९६५पर्यंत ही कंपनी याच नावाने माल विकत होती आणि तेव्हापासून आजपर्यंत लोक फसतायत. (हे मी त्याला परतीच्या वाटेवर सांगितलं. पुढचे वीस मैल गाडीत शांतता होती.)

आणि त्याच टेबलावर, त्याच्या कोपराला लागून, एक निळी छापील बशी पडली होती. ठप्पा नाही. मागे पितळेचे दोन टाके मारून जोडलेली. ती मी आठ पौंडाला घेतली. तिच्याकडे परत येईन, आधी भांडण.

माझं म्हणणं साधं आहे. जुनी इंग्लिश भांडी जमवणाऱ्या शंभरातले नव्वद लोक भांडी जमवतच नाहीत, ठप्पे जमवतात. त्यात आता आपली मंडळीही हिरिरीने उतरलीयेत. ऑनसाईट आला, घर घेतलं, शोकेस घेतली, आता शोकेसमध्ये काय? तर 'ब्रँडेड अँटिक'. हे म्हणजे फाईलच्या डोक्यावरचा कॉपीराईट हेडर वाचून कोड चांगला आहे की वाईट ते ठरवण्यासारखं झालं. आपण कोणी असं रिव्ह्यू करतो का? (करतो. पण ते सोडा.)

ठप्प्याला एवढा भाव का देऊ नये याचं पहिलं कारण, ठप्पा खोटं बोलतो. आणि हे आजचं नाही. स्टॉकटनच्या विल्यम स्मिथने आपल्या बश्यांवर वेजवूड या नावात मध्येच एक जादा 'ई' घुसवून छापायला सुरुवात केली होती. म्हणजे आपल्याकडे नाक्यावर एका अक्षराच्या फरकाने बूट विकतात ना, तसंच. शेवटी खऱ्या वेजवूडवाल्यांनी कोर्टात जाऊन १८४८मध्ये मनाई आणली. पॅरिसच्या सॅमसनने तर एकोणिसाव्या शतकात चेल्सीपासून वूस्टरपर्यंत सगळ्यांच्या नकला करायचा रीतसर कारखानाच काढला होता. आता त्या नकलांचाही संग्रह करतात लोक, बोला!

बरं, ठप्पा खरा असला तरी तो काय सांगतो हे किती जणांना कळतं? बुडावर १७९० छापलंय म्हणून नाचणारे मी पाहिलेत. अहो, ते कारखाना निघाल्याचं साल असतं! पुण्यातल्या मिठाईच्या खोक्यावर दुकानाच्या स्थापनेचं साल असतं म्हणून आतली बाकरवडी तेव्हाची होत नाही. १८४२ ते १८८३ या काळातला चौकटच्या आकाराचा नोंदणीचा शिक्का असतो, चारी कोपऱ्यांत अक्षरं-आकडे, वर गोलात रोमन चार. त्यावरून दिवसापर्यंत तारीख काढता येते, आणि आमच्यासारख्यांना असलं डीकोडिंग म्हणजे मेजवानीच. पण ती तारीख नक्षी नोंदवल्याची. तुमची बशी त्यानंतर दहा वर्षांनीही भाजलेली असू शकते. नुसतं 'इंग्लंड' लिहिलंय? मग बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणजे ज्या शब्दाकडे बघून आपल्याला अस्सल साहेबी वाटतं तो शब्द अमेरिकन कस्टमवाल्यांमुळे आला. असो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंग्लिश मातीकामातलं जे अफलातून आहे त्यातल्या पुष्कळशावर ठप्पाच नाही. अठराव्या शतकातलं मलईच्या रंगाचं क्रीमवेअर, नंतरचं निळसर झाक असलेलं पर्लवेअर, यातला ढीगभर माल बिनानावाचा आहे. मोका नावाचा एक प्रकार असतो, जुन्या दारूच्या गुत्त्यांमधले मग. त्यावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी असते आणि ती कुणी रंगवलेली नसते. भांड्यावर मातीचा पातळ थर ओला असतानाच त्यावर तंबाखूचं पाणी वगैरे घालून केलेल्या रंगाचा थेंब सोडायचा. आम्ल आणि अल्कली भेटतात आणि थेंब आपला आपणच फांद्या फुटत पसरतो. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखूने जे होतं त्यापेक्षा हे निश्चित बरं! मी तो मग पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा पाच मिनिटं नुसता फिरवत होतो. ठप्पेवाला गडी त्याला एका सेकंदात खाली ठेवेल. बुडाला काही नाही ना.

मग ओळखायचं कसं? अहो, जसं आपल्या आया-आज्या ओळखतात तसं! माठ घ्यायला गेलेली बाई काय करते? बुडाला कुंभाराचं नाव शोधते? ती टिचकी मारते. खणखणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर परत ठेवते. तीच टिचकी इथे चालते. बोन चायनाचा कप घंटीसारखा किणकिणतो, साध्या मातीची बशी त्यामानाने बसक्या आवाजाची असते आणि केसाएवढी चीर गेली असेल तर आवाज लगेच चुगली करतो. मग बशी तिरकी धरायची आणि बुडाच्या गोल कड्याच्या कोपऱ्यात झिलई जिथे साचते तिथे बघायचं. क्रीमवेअर असेल तर पिवळट-हिरवट, पर्लवेअर असेल तर निळी, कारण झिलईत कोबाल्ट घालायचे. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये तिकाटण्या ठेवायचे, त्यांचे तीन बारके डाग शोधायचे. छापील नक्षी असेल तर काठाची वेलबुट्टी कुठे जोडलीये ते बघायचं. एकदा ते सांधे दिसायला लागले की तुम्ही कामातून गेलात. मी हॉटेलात जेवताना पण ताट तिरकं करतो, बायकोने त्यावरून जाहीर नोटीस दिलेली आहे. (एक सूचना, जुन्या झिलईत शिसं असतं. बघा, वाजवा, मिरवा, पण त्यात लिंबाचं लोणचं वाढू नका.)

इथे माझीही लायकी सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल फार शहाणा. मी इंग्लंडात आलो त्या वर्षी पंच्याहत्तर पौंडाला एक 'लिमिटेड एडिशन' बशी घेतली होती. सोबत प्रमाणपत्र, सोनेरी काठ, आणि विकणाऱ्याचं आश्वासन की भाव वाढतच जाणार. लिमिटेड कसली, तर अमुक इतके दिवस भट्टी चालेल तेवढ्याच बश्या काढणार म्हणे. दिवसाला किती ते कुठेच लिहिलेलं नव्हतं! हे माझ्या नंतर लक्षात आलं, आणि मी स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. तशीच बशी, प्रमाणपत्रासकट, परवा चॅरिटी शॉपमध्ये दोन पौंडाला पाहिली. तेव्हा गुंतवणूक म्हणून भांडी घेणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. एसआयपी करा, बाबांनो.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. आमचे एक काका आहेत. त्यांचं मत, साहेबाची फुटकी भांडी जमवणं ही गुलामी वृत्ती. गेल्या उन्हाळ्यात आले तेव्हा माझी कपाटं बघून त्यांनी तासभर माझी हजेरी घेतली, तीही बोन चायनाच्या कपातून चहा पीत पीत. मी फक्त एवढंच सांगितलं की काका, यातली जवळजवळ निम्मी सामग्री म्हणजे हाडांची राख, आणि जुन्या पद्धतीत ती बैलांच्या हाडांची. उरलेल्या निम्म्यात कॉर्नवॉलचा दगड आणि चिनी माती. स्पोडच्या घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे प्रमाण बसवलं. काकांनी कप ज्या हळुवारपणे खाली ठेवला तसा कप मी आयुष्यात ठेवलेला नाही. मुक्काम संपेपर्यंत स्टीलचा पेला.

पण त्यांच्या आरोपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. १८५७च्या लढाईनंतर हॅवलॉक आणि कॉलिन कॅम्पबेल यांचे मातीचे पुतळे स्टॅफर्डशायरमध्ये काढले गेले, चुलीवरच्या फळीवर मांडायला. असा एक हॅवलॉक मला एकदा स्वस्तात मिळत होता. हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि ठेवून दिला. माझ्या घरात तो नको. त्या उलट स्पोडची 'इंडियन स्पोर्टिंग' नावाची मालिका, साधारण १८१० नंतरची. बंगालात राहून गेलेल्या कॅप्टन विल्यमसनच्या शिकारीच्या पुस्तकातली सॅम्युअल हॉविटची चित्रं घेऊन बश्यांवर छापली. हत्ती, अस्वलं, बिबट्या, कुत्री घेऊन चाललेले डोरिये. हॉविट स्वतः हिंदुस्थानात आलेलाही नव्हता असं म्हणतात आणि झाडं बघितली की ते पटतंही! ही बशी मला मिळाली तर मी कर्ज काढून घेईन. कारण दोनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी इंग्रजाच्या ताटात रश्शाखालून हळूहळू आपला हत्ती उगवत असणार, ही कल्पनाच मला झेपत नाही.

आणि काका, साहेबाचं असं यात आहे काय? चिनी पोर्सलिन परवडेना आणि जमेना म्हणून सुरू झालेली ही सगळी धडपड. प्रसिद्ध विलो नक्षी घ्या. पूल, त्यावर तीन माणसं, वर दोन पक्षी, आणि पळून गेलेल्या प्रेमिकांची ती करुण चिनी गोष्ट. नक्षी १७९०च्या आसपास इंग्लंडातच बेतलेली, आणि गोष्ट तर नंतर इंग्लंडातच रचलेली. चीनमध्ये कोणाला पत्ता नाही. मला यात साहेबाची थोरवी दिसत नाही, नक्कल करता करता काहीतरी तिसरंच करून बसलेल्या माणसांची मजा दिसते.

माणसं. आता मुद्द्यावर येतो. त्या बुडाच्या ठप्प्यात ज्याचं नाव असतं त्याने ते भांडं केलेलं नसतं. जोसाया वेजवूडबद्दल मला आदरच आहे. पाय कापला गेलेला माणूस, जास्पर जमवायला त्याने हजारो चाचण्या केल्या आणि प्रत्येकीची नोंद ठेवली, भट्टीचं तापमान मोजायला स्वतः साधन बनवलं, त्यावर १७८३मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. असा टेक लीड मला मिळाला असता तर मी नोकरी बदललीच नसती. पण ठप्प्याची ही आंधळी भक्ती सुरू करण्यात त्याचाच मोठा हात आहे. १७६५मध्ये राणी शार्लटने चहाचा सेट मागवला, यांनी क्रीमवेअरला लगेच 'क्वीन्स वेअर' नाव दिलं. १७७४मध्ये रशियाच्या कॅथरीनसाठी ९५२ नगांचा सेट पूर्ण केला आणि रवाना करायच्या आधी लंडनच्या दुकानात तिकीट लावून दाखवला. मार्केटिंग म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं.

ज्यांनी केलं ते कोण? चार्ल्स शॉ नावाच्या माणसाने लिहून ठेवलंय, सातव्या वर्षी कामाला लागला होता. साचे घेऊन कुंभाराच्या चाकाकडून तापलेल्या खोलीत आणि तिथून परत पळायचं, दिवसभर. १८४१मध्ये सॅम्युअल स्क्रिव्हन सरकारतर्फे चौकशीला आला तेव्हा अशी पोरं जिकडेतिकडे होती. झिलईच्या हौदात भांडी बुचकळणाऱ्यांना शिसं बाधायचं, गारगोटीच्या धुळीने फुप्फुसं जायची. आणि मजुरीची एक रीत होती, तिचं नाव 'गुड फ्रॉम अव्हन'. भट्टीतून नग चांगला निघाला तर पैसे. भट्टीवाल्याची चूक असो, कोळशाची असो, तडा गेला की तुमची मजुरी बुडाली. विचार करा, सर्व्हर कोसळला म्हणून आपला पगार कापला तर आपण काय काय लिहू!

तर, नग मोजायचे म्हणजे कोणाचा कुठला ते कळायला हवं. म्हणून छपाई करणाऱ्या बायका, टोळ्या आपली एक खूण बुडाला टाकायच्या. एखादी चांदणी, एखादा आकडा, दोन रेघा, निळ्या रंगात, नखाएवढी. तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर गरम रंग उतरवायचा, एकीने कात्रीने तो कापायचा, दुसरीने बशीवर बसवून घासायचा, मग कागद पाण्याने धुऊन काढायचा, आणि हे सगळं मिनिटांत. त्या हातांची उरलेली खूण म्हणजे ही नखाएवढी चांदणी. किमतीच्या याद्यांमध्ये तिला स्थान नाही. ठप्पेवाले तिच्यावरून अंगठा फिरवून पुढे जातात, कारण मोबाईलवर शोधून ती सापडत नाही.

मला हे लागतं, का ते सांगतो. बारा वर्षं मी ज्या प्रॉडक्ट्सवर काम केलं त्यातल्या एकावरही माझं नाव नाही. असावं असंही नाही. पण कुठेतरी जुन्या कोडमध्ये माझी एक मराठी शिवी कॉमेंटमध्ये राहून गेलीये, आणि कधीतरी कोणीतरी ती वाचून हसेल, एवढी आशा मी बाळगून आहे.

ठप्पे तर आजही जोरात आहेत. २००९मध्ये वेजवूड दिवाळखोरीत गेली, उत्पादनाचा मोठा भाग इंडोनेशियात गेलेला आहे, नाव तेच. स्पोडचा स्टोकमधला जुना कारखाना बंद झाला आणि नाव २००९मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं. २०२५मध्ये रॉयल स्टॅफर्ड बंद पडली. त्याच वर्षी मूरक्रॉफ्टही बंद पडली होती, ती संस्थापकाच्या नातवाने विकत घेऊन पुन्हा चालू केली. स्टोकमधून गाडी चालवताना बाटलीच्या आकाराच्या त्या जुन्या भट्ट्या मधूनच दिसतात, कधी काळी हजारोंनी होत्या, आता पन्नासच्या आत उरल्यात. लाँगटनच्या ग्लॅडस्टन म्युझियममध्ये त्यातल्या एकीच्या आत उभं राहता येतं. ठप्पेवाल्या गड्याला मी म्हटलं, चल, इथून जवळ आहे. तो म्हणाला, तिथे विकत काय मिळतं?

असो. तर ती आठ पौंडाची बशी. निळी छापील, दूर कुठलंतरी पडकं देऊळवजा काहीतरी, दोन गाई, एक मेंढपाळ. काठाची वेल एका जागी इतकी वाकडी जोडलीये की पान अर्धंच राहिलंय. बहुधा शनिवारची संध्याकाळ असणार. मध्यभागातून गेलेली चीर, मागे पितळेचे दोन टाके. एपॉक्सी येण्याआधी फिरते कारागीर आरपार न जाणारी बारीक भोकं पाडून असे टाके मारायचे. म्हणजे कोणालातरी ही फेकवली नाही. बाजारात टाका दिसला की किंमत दहावा हिस्सा होते, त्याबद्दल मी बाजाराचा ऋणी आहे. आणि बुडाला, कड्याच्या आत, एक छोटी निळी चांदणी, एक कोपरा पुसट.

आई सध्या इथे आलीये. तिला बशी दाखवली, चांदणी दाखवली, तांब्याचा पत्रा, कागद, बायका, सगळं सांगितलं. तिने निमूट ऐकून घेतलं. मग बशी डाव्या हाताच्या बोटांवर तोलली आणि उजव्या हाताने टिचकी मारली.

"बद्द वाजतीये रे. चिरलीये."

"माहितीये. आठ पौंडाला घेतली."

"मग चारला मागायचीस."